मोरी

वादळानंतरचा तिसरा आठवडा. मालवणच्या कचेरीत
माडीवरची खोली, पंखा नुसताच लटकलेला,
आणि माझ्या पडद्यावर एक ओळ:
मोरी, एकूण तीनशे बावन्न, पैकी चार वाहून गेल्या.

दोन फायली आल्या होत्या.
मच्छीमार सोसायटीच्या फायलीत मोरी म्हणजे मुशीची धाकटी बहीण,
किलोवर मोजायची, बर्फात ठेवायची.
बांधकामवाल्यांच्या फायलीत
रस्त्याखालून पाणी जायची वाट,
नगावर मोजायची, गाळ उपसायचा.
टॅग एकच. मी दोन्ही फायली एकत्र केल्या,
बेरीज झाली.
यंत्राला काय, त्याने मासे आणि दगड
एकाच टोपलीत भरले.

आणि मी घाटावरची. आमच्याकडे मोरीत भांडी घासतात.
ही तिसरी मोरी माझ्या डोक्यात होती,
कुठल्याच फायलीत नव्हती.

मग नावांना घरं बांधायला बसले.
आधी छोटं टोपणनाव, मग कोलन, मग शब्द.
मासा:मोरी. रस्ता:मोरी.
टोपणनावाचं काय, कुणी कसंही ठेवावं;
फायलीच्या उंबऱ्यावर एकदा सांगितलं,
की हा 'मासा' म्हणजे तो लांबलचक नावाचा,
झालं.
जपायचं ते लांब नाव.
त्याचे नियम वहीच्या पाठीवर लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले.
साहेबाचं नाव घालायचं नाही, साहेब बदलतो.
योजनेचं नको, योजना निवडणुकीपुरती.
साल घालावं का? यावर दुपार गेली.
घातलं, तर पुढल्या सालची मोरी
यंदाच्या मोरीला ओळख देणार नाही.
नाही घातलं, आणि उद्या शब्दाचा अर्थच सरकला तर?
घातलं शेवटी. खाली दोनदा रेघ ओढली:
अर्थ बदलला तरच साल बदलायचं,
कॅलेंडर बदललं म्हणून नाही.
आणि टोकाची तिरकी रेघ द्यायची तर कायम, नाहीतर कधीच नाही.
एक रेघ चुकली की सख्खा परका.

मेघश्याम तोंडवळकर, सोसायटीचे सेक्रेटरी,
चष्मा कपाळावर चढवून ते लांब नाव
एकेक अक्षर करत मोबाइलवर टाइप करू लागले.
वेबसाइटच्या पत्त्यासारखंच दिसत होतं ते.
"हय कायच उघडणा नाय. खोटो पत्तो घातलंस?"

म्हटलं, काका, खोटा नाही. तिथे जायचं नसतं.
तिथे काही ठेवलेलंही नाही.
दुसऱ्या कुणाचं नाव तसं नसावं, एवढंच त्याचं काम.

ते खिडकीतून बघत राहिले. खाली धक्क्यावर
पाच होड्या ओढून ठेवलेल्या, त्यांतल्या तिघींवर
एकच देवी रंगवलेली; भरपाईचा पंचनामा
नंबर बघूनच करावा लागला होता.
मग म्हणाले, "माझा आडनाव तसाच.
आज्यान तोंडवळी सोडल्यान, थंय आमचा कायएक नाय,
माडाचा झाडसुद्धा नाय.
पन कोणय 'खंयचो?' म्हणान इचारल्यान, तर सांगतंय."

मी मघापासून हेच सांगायला
सोळा पानं शोधत होते.

पुस्तकात याला नामावकाश म्हणतात.
मला तो शब्द आवडतो; अवकाश म्हणजे जागा,
आणि 'अजून अवकाश आहे' म्हणतो, तेव्हा सवडही.
भरपाईच्या यादीला मात्र अवकाश नव्हता.
साडेसातला दोन वेगळ्या बेरजा निघाल्या:
तीनशे चाळीस किलो मासा, बारा नग दगड.
वाहून गेलेल्या चारही दगडांच्याच.

काकांनी घरी जेवायला नेलं. सुनंदाकाकूंनी वाढलं
मोरीचं मटण. बकरा नव्हता त्यात, माशालाच मटण म्हणतात इथे.
मी काही विचारलं नाही. घरात कोलन लागत नाही,
घर म्हणजे आधीच सांगून ठेवलेला अर्थ,
आणि पाहुण्याने तो ताटावर बसून शिकायचा.

दोनदा भात घेतला. उठताना ताट उचललं,
आणि सवयीनं विचारून गेले,
"काकू, ताट मोरीत ठेवू?"

काकू आधी गप्प. मग पदर तोंडाला.
"मोरयेत खंय ठेवतलंस गो?
मोरी तर तुझ्या पोटात गेली!"